राखणीचा रविवार

लाटंबार्से,
२६ ऑक्टोबर २०२१

चि. कृष्णा,

आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळी धडधाकट आहेत. फोनवर बोलण्यासारखी गोष्ट नाही म्हणून लिहायला बसले. माझे कान आता असे झालेत की फोनचा आवाज सगळा मोठा करावा लागतो, आणि मग तू पेडण्यात बोललास की आमची अख्खी वाडी ऐकते. रूपाली म्हणते, सासूबाई फोनवर बोलतात की देवळात गाऱ्हाणं घालतात! सून आहे, बोलणारच. पत्र सगुणच्या टेम्पोतून पाठवते, तो रोज नारळ घेऊन तुमच्या बाजूला येतो.

रविवारची पाकिस्तानची मॅच तू बघितलीच असशील. इथे देवळाच्या मंडपात प्रथमेशनं पडदा लावला होता, झाडून सगळी वाडी तिथे. मीही गेले होते. मला ऐकू येत नाही, पण क्रिकेट बघायला कान कशाला लागतात? पहिल्याच षटकात आपली विकेट पडली. सगळ्यांची तोंडं मिटली, आणि पुढच्याच क्षणी सगळ्यांनी माना वळवून शेताकडे बघितलं. मला काही कळेना. रूपालीनं कानात ओरडून सांगितलं, शेतात कोणीतरी फटाके लावले. थोड्या वेळानं दुसरी विकेट, पुन्हा फटाके. मग पाकिस्तानची बॅटिंग आली. त्यांची एकही विकेट पडली नाही आणि फटाके अधूनमधून वाजतच राहिले. प्रथमेशनं मोबाईलवर त्याचा व्हिडिओ करून ठेवला आहे.

आता संशय कोणावर, ते तुला सांगायला नको. शेताच्या कडेला घर एकच, इब्रामचं. तुला तो आठवत असेल. रामचंद्राचं शेत करतो, त्याच्याच घरात राहतो, आडमुठा आहे, पण कामाला वाघ. काल मंडपात त्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "फटाके मीच लावले. दुकरां उतरली होती." तुला माहीत आहे, भात कापणीला आलं की रानडुकरं एका रात्रीत सगळं लोळवून ठेवतात, म्हणून आमच्याकडे पाळीपाळीनं शेतातल्या माळ्यावर, मचाणावर बसून राखण करतात. पण रविवारची पाळी इब्रामची नव्हती. ती आमच्या ह्यांची होती, आणि हे माळ्यावर बसलेले होते. सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "दुकर एकय नाय इलो. फटाके इब्रामाच्या घराकडसून वाजले." इब्राम नुसता ह्यांच्याकडे बघत राहिला आणि निघून गेला.

प्रथमेश म्हणतो, पुढच्या सोमवारपर्यंत त्यानं कबूल करावं, नाहीतर व्हिडिओसकट पोलिसात तक्रार. आणि रामचंद्रानं शेत आणि घर दोन्ही काढून घ्यायचं. रामचंद्र मान खाली घालून 'बरं' म्हणाला.

कृष्णा, खरं सांगते, माझ्याही मनात पाल चुकचुकली आहे. रविवारी मॅच संपल्यावर मंडपातून परत येताना इब्राम मला बांधावर भेटला होता. अंगाला दारूचा वास, फटाक्याच्या दारूचा. रोज "वयनी, कसा काय" म्हणणारा माणूस त्या दिवशी तोंड फिरवून गेला. इतकी वर्षं ओळखते त्याला, असं कधी केलं नव्हतं. हेही माळ्यावरून उशिरा आले ते घुश्शातच. बांधून दिलेली भाकरी तशीच परत आणली. हरल्यावर भूक मेली म्हणाले.

तू सरकारी कचेरीत आयुष्य काढलंस, माणसं ओळखतोस. तुला काय वाटतं ते कळव. अश्विनीचा गुडघा कसा आहे?

तुझी,
ताय


धारगळ, पेडणे,
२८ ऑक्टोबर २०२१

ती. शेवंतीतायला कृष्णनाथाचा नमस्कार.

पत्र पोचलं. तुझं अक्षर बघून बरं वाटलं, मजकूर वाचून मात्र डोकं तापलं. ताय, तू फार भोळी आहेस. तू त्याला 'कामाला वाघ' वगैरे म्हणतेस, पण अशा वेळी माणसाचं काम बघायचं नसतं, मन बघायचं असतं. देशात ठिकठिकाणी त्या रात्री फटाके वाजले असं टीव्हीवर दाखवत होते. ते दूर कुठेतरी असतं असं आपल्याला वाटतं, आणि इथे आपल्या देवळासमोर!

मी तुझं पत्र नीट दोनदा वाचलं. त्यातली एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही. हा इब्राम म्हणे कधी क्रिकेट बघत नाही. गेल्या गणेशचवथीला तुमच्याकडे आलो होतो तेव्हा मला स्वतः म्हणाला होता, काम नाय त्यांचो खेळ तो. बरं. मग ज्याला क्रिकेट कळत नाही त्याचे फटाके नेमके विकेटलाच कसे वाजतात? एकदा समजू शकतो, दोनदाही समजू. पण संध्याकाळभर? लिहून ठेव, त्याला क्रिकेट चांगलं कळतं. आपल्यापेक्षा चांगलं कळतं. प्रथमेशसारखी पोरं जागी आहेत म्हणून बरं.

भावोजींचं मला कौतुक वाटतं. असली मॅच सोडून माळ्यावर बसायचं म्हणजे खायचं काम नाही. पण गडी हौशी आहे, हे कबूल. पहिली विकेट पडल्या पडल्या त्यांचा मला फोन. "बघितलंस मा रे कृष्णा, काय केल्यान!" मागे एवढा गलका की निम्मं ऐकूच येईना. कोणीतरी "परेश, आवाज वाढय रे" म्हणून ओरडत होता. मी अश्विनीला म्हटलं, भावोजींनी माळ्यावर टीव्ही नेला आणि वर प्रेक्षकही नेले! आम्ही दोघं हसलो. नंतर मॅचचं जे झालं त्यानं हसू पळालं ते वेगळं.

तू ह्यात पडू नकोस. बायकांनी मधे बोललं की प्रकरण चिघळतं. अश्विनीचा गुडघा आहे तसाच आहे, पोदेराच्या सायकलीची घंटा ऐकून पाव घ्यायला दारापर्यंत जाते तेवढाच व्यायाम.

तुझा,
कृष्णा


लाटंबार्से,
३० ऑक्टोबर २०२१

चि. कृष्णा,

तू जोक म्हणून जे लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. मला हसू आलं नाही.

माळ्यावर टीव्ही नाही. माळ्यावर मोबाईलची रेंजसुद्धा नाही, ती मिळवायला देवळाच्या वरच्या रस्त्यापर्यंत चढावं लागतं. आणि परेश नावाचा माणूस आमच्या वाडीत एकही नाही. एक परेश मला माहीत आहे, त्याची डिचोलीच्या बाजारात खानावळ आहे, आणि तिथे भिंतीएवढा टीव्ही आहे.

म्हणून तुला विचारते, नीट आठवून सांग. फोन पहिल्या विकेटलाच आला होता ना? आवाज ह्यांचाच होता ना?

मी ह्यांना सरळ विचारलं. जेवत होते, ताट सरकवून उठले. "कृष्णाक कानच नाय! तुम्ही दोगांय भावंडां सारखीच!" एवढं म्हणून बाहेर गेले. ज्या माणसानं राखणीचा नियम स्वतः केला, की पाळी चुकवील त्यानं देवळात नारळ ठेवून वाडीची माफी मागायची, त्या माणसाला बायकोनं एक साधा प्रश्न विचारला तर इतका राग का यावा? खोटं बोलणाऱ्यालाच एवढी घाई असते उठायची. संसार करून इतकी वर्षं झाली, मला काय ह्यांची पाठ ओळखता येत नाही?

मग मी इब्रामकडे गेले. दारात त्याची बायको जैतून चादरीत कपडे बांधत होती. वाळपईला लेकीकडे जाते म्हणाली. मला बघून तिनं बसायला कदेल पुढे केली नाही. पहिल्यांदाच. इब्रामला म्हटलं, खरं काय ते सांग. तो म्हणाला, "गोपाळाक विचार." मी म्हटलं, ह्यांना विचारलं, हे बोलत नाहीत. तर म्हणाला, "मगे मी कसो बोलू? मी तेका उतर दिलंय." म्हणजे शब्द दिलाय. कसला, ते सांगेना.

मला आता जे वाटतं ते लिहायलाही लाज वाटते. पण लिहिते. पाळी ह्यांची होती. मॅच बघायची होती, पण मंडपात बसले तर सगळ्यांना दिसणार. म्हणून राखण इब्रामच्या गळ्यात घातली, कोणाला सांगू नको म्हणाले, आणि डिचोलीला गेले. इब्राम माळ्यावर बसला आमच्या सगळ्यांचं भात राखत, आणि आम्ही त्यालाच चोर केला.

उद्या रविवार, पुन्हा मॅच आहे, न्यूझीलंडची. इब्रामला शेतात पाऊल टाकायचं नाही असं सांगितलं आहे. सोमवारी सकाळी तक्रार जाणार. कृष्णा, तू सोमवारी ये. चार माणसांत एवढंच सांग की फोन आला तेव्हा मागे गलका होता. बाकीचं मी बघते. तुझ्या त्या एका वाक्यावर एका माणसाचं घर वाचेल. ये, बाबा.

ताय


धारगळ,
३१ ऑक्टोबर २०२१

ती. ताय,

सगुण थांबला आहे म्हणून घाईनं लिहितो.

सोमवारी येणं जमेलसं दिसत नाही. अश्विनीला डॉक्टरकडे न्यायचं आहे. शिवाय नीट विचार केल्यावर माझी मलाच खात्री वाटेना. फोन कदाचित दुसऱ्या कुठल्या मॅचच्या दिवशी आला असेल. हल्ली मला सर्दीमुळे ऐकायलाही कमी येतं. अशा कच्च्या आठवणीवर चार माणसांत उभं राहणं मला शोभत नाही.

आणि समज, तू म्हणतेस तसं असलं, तरी त्यातून काय निघणार? भावोजींचा वाडीत मान आहे. उद्या तुमच्या धाकट्या तुषारच्या लग्नाचं बघायचं आहे. राखण चुकवली हे एक, वर मंडपात उभं राहून खोटं बोलले हे दुसरं. लोक जन्मभर तोंडावर बोलतील. इब्रामचं काय, त्याची लेक वाळपईला आहेच. तो तिथे जाईल, हळूहळू सगळे विसरतील. घरातली गोष्ट घरात राहू दे.

रागावू नकोस, पण एक विचारतो. तुला त्याची इतकी काळजी का लागली आहे? लोक ह्याचाही वेगळा अर्थ काढतील.

कृष्णा


लाटंबार्से,
५ नोव्हेंबर २०२१

कृष्णा,

दिवाळीचे आशीर्वाद. गोड पोहे, आपले फोव, अश्विनीसाठी पाठवले आहेत, डबा परत दे.

'लोक वेगळा अर्थ काढतील' असं तू मला लिहिलंस. सत्तरीला टेकलेल्या बहिणीला. ते वाचून मी आधी रडले आणि मग मला भयंकर राग आला. अजूनही आहे. पण जे झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

रविवारी मॅच आमच्या घरी होती. मंडपात बघितली म्हणून पाकिस्तानशी हरलो असं पोरांचं मत, म्हणून जागा बदलली. आमची बैठकीची खोली माणसांनी भरलेली. हे सगळ्यांच्या पुढे बसले होते. राखणीची पाळी खुद्द प्रथमेशची, तोही इथेच. म्हणाला, अर्धी मॅच झाली की जातो.

मी मागचं जनेल उघडून तिथे उभी होते, बॅटरी घेऊन. शेत तिथून पूर्ण दिसतं. मला आवाज येत नाही, पण तोंडं दिसतात. चौकार गेला की खोलीतली सगळी तोंडं उघडी, हात वर. विकेट पडली की सगळी मिटलेली. मी एकदा आत बघायची, एकदा बाहेर. काजूच्या झाडांखाली, शेताच्या कडेला, बॅटरीच्या उजेडात डोळे चमकत होते. चौकार गेला, खोली ओरडली, ते डोळे मागे सरले. विकेट पडली, खोली मिटली. डोळे पुढे आले आणि सरळ भातात उतरले.

कृष्णा, मी तिथेच जनेलाला धरून उभी राहिले. त्याला क्रिकेट कळतं म्हणून फटाके विकेटला वाजत नव्हते रे. विकेट पडली की आपण गप्प होत होतो. आपण गप्प झालो की डुकरं उतरत होती. पाकिस्ताननं विकेटच दिली नाही, म्हणून आपण शेवटपर्यंत गप्प, आणि डुकरं शेवटपर्यंत शेतात. तो बिचारा एकटा ह्या बांधावरून त्या बांधावर धावत होता.

मी ओरडले. सगळे धावत आले, पण तोवर आमचं आणि रामचंद्राचं शेत लोळलं होतं.

सोमवारी सकाळी त्या शेताच्या कडेलाच सगळे जमले. प्रथमेशच्या हातात मोबाईल होता, तक्रारीचं अजून डोक्यात होतंच. मी जे बघितलं ते सांगितलं. मग प्रथमेश म्हणाला, "काकी, पूण त्या दिसा माळ्यार गोपाळकाका आसलो मा? तेणे दुकर देखलेच नात." बरोबरच बोलला पोरगा. मी ह्यांच्याकडे वळले. म्हटलं, "तुम्ही सांगता की मी सांगू?" तुझं पत्र माझ्या घरात होतं, पण ते मी काढलं नाही. ज्याला स्वतः येऊन बोलायचं नाही त्याचं नाव मी कशाला घेऊ?

ह्यांनी लोळलेल्या भाताकडे बघितलं. मग म्हणाले, "मी डिचोलीक होतंय. राखण इब्रामाक सांगून गेल्लंय. सांगू नको म्हणान मीच सांगतलंय तेका."

बस्स. एवढंच बोलायला आठवडा लागला. तक्रार गेली नाही. रामचंद्र पुन्हा मान खाली घालून म्हणाला, शेत इब्रामकडेच राहू दे. त्याची मान ह्या दोन्ही दिवशी सारखीच खाली होती. हे देवळात गेले, नारळ ठेवला, वाडीची माफी मागितली. नियम ह्यांचाच, आणि पहिला नारळही ह्यांचाच. पण तो राखण चुकवल्याचा. इब्रामवर घेतलेल्या संशयाचा नारळ कोणी ठेवायचा, असा नियम आमच्या वाडीत नाही. तिथे नारळ कोणाकोणाला आणावे लागले असते ते तूच मोज. प्रथमेशनं सगळ्यांसमोर व्हिडिओ पुसला. मग मला बाजूला घेऊन सांगितलं की त्याच्याकडून गेलेला व्हिडिओ पेडण्याहून त्यालाच परत आला होता, वर इब्रामचं नाव आणि गावाचं नाव लिहून. पेडण्यात आमच्या इब्रामला नावानं ओळखणारी माणसं किती आहेत, कृष्णा? मी प्रथमेशला काही बोलले नाही. तुला बोलते आहे.

संध्याकाळी हे इब्रामच्या घरी गेले. मी मागोमाग होते, आता एकट्यांना कुठे सोडत नाही. इब्राम म्हणाला, "बस. च्या घेतंस?" दोघं चहा प्यायले. माफी ह्यांनी मागितली की नाही ते मला ऐकू आलं नाही. ह्यांचा हात त्याच्या गुडघ्यावर होता, तेवढं दिसलं. जैतून अजून वाळपईलाच आहे. ती इतक्यात येणार नाही असं तो म्हणाला.

आता परवाचं सांगते, मग पत्र संपवते. बुधवारी ह्यांची पाळी होती. इब्रामही आपण होऊन माळ्यावर गेला. भाकरी मी स्वतः घेऊन गेले, परत आलेली भाकरी मला पुन्हा बघायची नाही. रस्त्यावर पोरांनी पहाटे जाळायचा नरकासुर उभा केला होता, प्रथमेश आणि मंडळी फटाक्यांच्या माळांवर माळा लावत होती. आकाश सगळं उजळत होतं. माळ्यावर मात्र काळोख. आणि इब्रामच्या कानाला छोटा रेडिओ. जन्मात कधी ज्याला हात लावला नाही तो रेडिओ. त्या दिवशी अफगाणिस्तानची मॅच होती.

मी भाकरी सोडते आहे तोच खालच्या कोपऱ्यात भात हललं. ह्यांनी बॅटरी मारली, तीन-चार डुकरं. हे ओरडले, "लाव रे इब्रामा, लाव!" इब्रामच्या एका हातात सुतळी बॉम्ब, एका हातात काडेपेटी. तो हललाच नाही. रेडिओ कानाला घट्ट धरून बसला. हे पुन्हा ओरडले तसा हात वर करून म्हणाला, "रव मा वायच. आताच विकेट पडली. आपली."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मला कळलं. 'आपली' म्हणाला तो. डुकरं खात होती आणि तो थांबला होता. रस्त्यावर सगळी वाडी मनसोक्त फटाके उडवत होती, आणि शेत राखायला बसलेला माणूस हातात काडी धरून रेडिओ ऐकत होता. शेवटी ह्यांनीच त्याच्या हातातून काडेपेटी घेतली आणि फटाका लावला.

तू लिहिलं होतंस ना, त्याला क्रिकेट चांगलं कळतं म्हणून?

आता कळतं. आम्ही शिकवलं त्याला.

ताय